डोपामिन म्हणजे आनंद की ओढ?

एकांनी विचारलंय की डोपामिनला, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी रसायनं वापरतात त्यातल्या एकाला, मराठीत 'आनंदरसायन' म्हटलं तर चालेल का, कारण रील्स आणि मीममध्ये सगळीकडे त्याच अर्थाने येतं, वडापाव खाल्ला डोपामिन, लाइक आला डोपामिन, मॅच जिंकली डोपामिन. माझं मत स्पष्ट आहे, चालणार नाही. आणि नुसतं शब्दाच्या शुद्धतेसाठी म्हणत नाही, अर्थच उलटा होतो म्हणून म्हणतोय.

आधी एक गैरसमज, डोपामिन हा 'डोप' म्हणजे नशेवरून आलेला शब्द नाही. डोपा हे डायऑक्सिफिनाइलअ‍ॅलॅनिन या लांबलचक रासायनिक नावाचं आखूड रूप, त्याला अमाइन जोडलं की डोपामिन. नशेशी नावाचा काही संबंध नाही.

आता काम काय करतं ते बघा. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले, १९९७ चा त्यांचा पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबरचा लेख प्रसिद्ध आहे. माकडाला अचानक ज्यूसचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी जोरात चालतात. मग ज्यूसच्या आधी खूण दाखवायची, म्हणजे दिवा वगैरे, असं पुन्हा पुन्हा केलं की पेशी खूण दिसल्यावरच चालायला लागतात आणि प्रत्यक्ष ज्यूस मिळताना गप्प राहतात! ज्यूस तोच आणि गोडही तेवढाच, तरी गप्प. आणि खूण दाखवून ज्यूस दिलाच नाही तर नेमका जेव्हा मिळायला हवा होता त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे मोजमाप आनंदाचं नाही, अपेक्षा काय होती आणि मिळालं काय यातल्या फरकाचं आहे.

त्या मंदावण्याला मराठीत शब्द तयार आहे, हिरमोड. तो मीम सगळ्यांनी बघितला असेल, फ्रीजमध्ये आईस्क्रीमचा डबा दिसतो, झाकण उघडतो आणि आत सोललेली कोळंबी (आमच्याकडे कोळंबी, दुसरीकडे मटार असेल). लोक त्यावर हसतात आणि पुढे जातात, पण मला विचाराल तर डोपामिन समजावणारा याच्याइतका चांगला मीम नाही, कारण डबा ही खूण आहे, आईस्क्रीम हा ज्यूस आहे, आणि कोळंबी चांगली असूनही त्या क्षणी हिरमोड होतोच.

दुसरा पुरावा उंदरांचा. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या संशोधकांनी ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलेलं होतं ते तपासले, तर ते उंदीर समोर खाणं असून उठून खात नव्हते, नळीने भरवावं लागायचं, पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की आधीसारखेच ओठ चाटायचे. म्हणजे गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ. हवंसं वाटणं वेगळं आणि आवडणं वेगळं, आणि आपल्या भाषेत हे दोन्ही कप्पे पहिल्यापासून वेगळे आहेत. तलफ, चटक, हाव, नाद, ओढ एकीकडे, गोडी, समाधान, तृप्ती, मन भरणं दुसरीकडे. चहाची तलफ चहा पिण्याआधी येते, पिऊन झाल्यावर कुणी तलफ आली म्हणत नाही. रात्री दोन वाजेपर्यंत रील्स सरकवणाऱ्याला विचारा मजा येतेय का, बहुतेक वेळा नाहीच म्हणेल, पण अंगठा थांबत नाही. त्याला आनंद कसं म्हणायचं?

मालवणच्या धक्क्यावर संध्याकाळी पोरं गरवायला बसतात तिथे हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. गरीला कोळंबीचा तुकडा लावून दोरी सोडायची, दोरी तर्जनीवर टेकवून ठेवायची आणि नजर पाण्यावर. तांबोशी लागेल, शेंगटी लागेल, नाहीतर आमिष खाऊन मासा पसार होईल. दोरीला हिसका बसला की पोरगा ओरडतो "ओढ लागली!" आणि चेहरा त्या क्षणी जो फुलतो तो मासा बादलीत पडल्यावर फुलत नाही, तोवर तो दुसरा तुकडा लावायला लागलेला असतो. दोरीची ओढ आणि मनाची ओढ, दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, म्हणून डोपामिन समजावताना 'ओढ' हा शब्द घ्या असं मी सांगतो.

'डोपामिन डिटॉक्स' बद्दलही विचारलंय, म्हणजे काही दिवस मोबाइल, गोडधोड वगैरे सोडून डोपामिन 'साफ' करायचं म्हणतात ते. डिटॉक्स विषाचा करतात, डोपामिन विष नाही, शरीर ते स्वतः बनवतं आणि त्याशिवाय हातपायसुद्धा नीट हलत नाहीत. पार्किन्सन या कंपवाताच्या आजारात नेमक्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, म्हणून एल-डोपा (ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते) देतात, आणि ते पेशंटला चालता यावं म्हणून देतात, खूश करायला नाही. हा एल-डोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांत असतो बरं का, ज्या शेंगेची कुसळं अंगाला लागली की नाचायला होतं तीच! दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये तो या बियांतून वेगळा काढला होता. (कृपया कुणी बिया खाऊन बघू नका, औषधाचं प्रमाण डॉक्टर ठरवतात.) आणि केळ्यात डोपामिन असतं म्हणून केळी खाल्ली की मेंदूतलं डोपामिन वाढतं अशी पोस्ट फिरतेय ती अर्धीच खरी, केळ्यात असतं, पण रक्तातून मेंदूत शिरायला जी आडकाठी आहे ती डोपामिनला ओलांडता येत नाही, एल-डोपाला येते.

'केमिकल लोचा' मात्र खुशाल वापरा. 'लगे रहो मुन्नाभाई' २००६ ला आला तेव्हापासून तो घराघरात आहे, आणि त्यात डोक्यात काहीतरी बिघडलंय एवढंच म्हटलंय, कुठलं रसायन काय करतं असा दावा नाही. खोटं काही पसरत नाही.

आता माझा प्रश्न. शुल्ट्झ यांच्याच गटाने २००३ मध्ये दाखवलं की मिळेल की नाही हे निम्मं-निम्मं असेल तेव्हा या पेशी वाट बघण्याच्या काळातही चढत जातात. गरवताना मासा आमिष नुसतं चाचपत असतो, दोरी थरथरते पण ओढ लागलेली नसते, तो हाच काळ. हर्णै, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या मंडळींनी सांगा, त्या थरथरीला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का?