मुलांचं बीपी: तुमचे अनुभव लिहा

शमा_
भाचीच्या शाळेतल्या तपासणीच्या कागदावर 'रक्तदाब जास्त, डॉक्टरांना दाखवावे' असा शेरा आलाय. वहिनी फोनवर रडत होती. मला आमच्या लेकाचं लहानपण आठवलं. ना डोकेदुखी, ना चक्कर, दिवसभर हुंदडायचा. कान दुखतो म्हणून नेलं, तर डॉक्टरांनी बीपी घेतलं, पट्टा बदलून परत घेतलं, मग वेगळ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तीन वेगवेगळ्या भेटींत जास्त आलं तरच मुलांमध्ये निदान पक्कं करतात. सोनोग्राफीत एक किडनी लहान निघाली, व्रण पडलेली. तान्हेपणी लघवीचं इन्फेक्शन सारखं व्हायचं, त्याचे ते व्रण. आता कॉलेजात आहे, गोळी चालू, बीपी ताब्यात. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी लिहा, वहिनीला वाचायला देते.

मुक्ता_म
पट्टा कुठला लावला होता ते आधी विचार! छोटा पट्टा जाड दंडाला लावला की आकडा फुगतो. आतल्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी हवी. बाळ उठलं, बाकी नंतर.

निनाद७
लेकीचं दवाखान्यात कायम जास्त, घरी नॉर्मल. २४ तासांचं यंत्र लावलं. पट्टा फुगला की ती म्हणायची, "बाबा, हाताला मिठी मारतंय." रात्री झोपेतही मिठ्या चालू. शेवटी कळलं, डॉक्टर दिसले की चढतं. औषध नाही, पण तपासणी चुकवत नाही.

रेवा
मिठी!! किती गोड :)

कावेरीकाठ
मी बालविभागात नर्स आहे. मूल धावत आलं की लगेच बीपी घेऊ नका. तीन ते पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसवायचं. हात उजवा, हृदयाच्या पातळीला. उजवाच का, तर महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर डाव्या हातात खोटा कमी आकडा येऊ शकतो. पायातली नाडीही बघायला सांगा. आणि मोठ्यांचा आकडा लहानांना लावू नका. १३ वर्षांखाली वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्ता बघतात. १३ च्या पुढे १३०/८० आणि वर म्हणजे उच्च. अमेरिकेच्या बालरोग अकादमीच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी मोजायला सांगितलंय. किती ठिकाणी मोजतात? मला फार लागतं हे मनाला.

अनिकेत_बाबा
आमचा घोरायचा. झोपेत श्वास अडकायचा. टॉन्सिल काढल्यावर झोप सुधारली, बीपीही उतरलं. वजनाचंही कारण होतंच. त्याला एकट्याला काही बंद केलं नाही, घरात सगळ्यांचंच मीठ कमी केलं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. आता हे गणित तोच करतो.

रेवा
@अनिकेत_बाबा टॉन्सिल काढताना किती दिवस त्रास झाला? आमचं ठरतंय. पोटात गोळा आलाय.

अनिकेत_बाबा
पहिला आठवडा अवघड जातो, मग सुधारतं. घसा दुखला तरी घोट घोट पाणी देत राहा. होईल सगळं नीट, काळजी नको करू ताई.

मुक्ता_म
आले. सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी बीपी वाढतं, स्टेरॉइडनेही. चालू औषधं डॉक्टरांना सांगाच. मनाने बंदही करू नका.

सई_आई
मुलगा पंधराचा. गोळी घेतली का विचारलं की चिडतो. मित्रांना कळू नये म्हणून सहलीला नेतच नाही. काय करू?

शमा_
सई, आमच्याकडेही हेच होतं गं. डॉक्टर त्याच्याशी एकटे बोलले, मला बाहेर बसवलं. औषध दिवसातून एकदाच घ्यायचं करून दिलं. तेव्हापासून डबी त्याची तोच भरतो.

निनाद७
शमाताई, भाचीला खेळू द्या, बसवून ठेवू नका. आकडा फारच वर असेल तर जोर लावायचे खेळ ताब्यात येईपर्यंत थांबवतात, ते डॉक्टर सांगतील. आमची सायकल शिकतेय, तोलच जमत नाही.

कावेरीकाठ
पेडल काढून टाका, सीट खाली घ्या. पायांनी ढकलत जाऊ दे, तोल आला की पेडल लावा.

निनाद७
पाना शोधतो.