मदत हवी आहे : फोटोतल्या चेहऱ्यावर नथ बसवायची आहे (पायथन, मीडियापाइप)

लष्करवाला, ग्वाल्हेर

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या गणपतीत येणाऱ्या आज्या, काकू, मुली यांचा फोटो काढायचा, त्यावर मोत्यांची नथ चढवायची आणि तिथेच छापून हातात द्यायचा, असा बेत आहे. तयार अ‍ॅप नको. घरच्या बायकांचे फोटो कुठल्यातरी सर्व्हरवर जावेत हे मला पटत नाही. मीडियापाइप, म्हणजे चेहऱ्यातले बिंदू ओळखणारं गूगलचं साधन, लॅपटॉपवरच चालतं. शिवाय नथ डाव्याच नाकपुडीत हवी, त्यात तडजोड नाही. सेल्फी कॅमेऱ्याचा आरशासारखा उलटा फोटो म्हणूनच आधी सरळ करून घेतो.

त्यातल्या फेस मेशचे, म्हणजे चेहऱ्यावर पसरलेल्या जाळीचे, ४६८ क्रमांकित बिंदू व्यवस्थित मिळतात. डाव्या नाकपुडीच्या कडेचा २९४ धरतो. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांमधल्या (३३ आणि २६३) अंतरावरून नथीचा आकार ठरवतो, त्याच रेषेच्या कलाने ती फिरवतो आणि पारदर्शक पीएनजी वर चढवतो. चेहरा समोर असला की सुरेख दिसते.

मान वळली की सगळं बिघडतं. कोपऱ्यांमधलं अंतर फोटोत कमी होतं, त्यामुळे नथ उगाच लहान होते. डावीकडे मान वळवली तर डावी नाकपुडी नाकाआड जाते, तरी नथ नाकावर टिकलीसारखी चिकटलेली. आज्या काही कॅमेऱ्याकडे सरळ बघत बसणार नाहीत, त्या शेजारणीशी बोलत असतात आणि तेच फोटो मला हवे आहेत. काय करावं?

तात्या, इंदूर

आकाराचं आधी. अंतर तिन्ही अक्षांवर मोजा. फेस मेश प्रत्येक बिंदूला झेडही (खोली) देतं, त्याचं माप साधारण एक्सइतकंच असतं. म्हणून एक्स आणि झेड फोटोच्या रुंदीने गुणा, वाय उंचीने. मग मान वळली तरी अंतर फारसं बदलत नाही.

वळणासाठी मीडियापाइपचंच नवं फेस लँडमार्कर वापरा. त्यात चेहऱ्याचा ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स, म्हणजे चेहरा किती आणि कुठे वळलाय ते सांगणारा आकड्यांचा तक्ता, मागता येतो. त्यातलं फिरणं नथीच्या चार कोपऱ्यांना लावा आणि ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीतल्या वॉर्पपर्स्पेक्टिव्हने चित्र वळवा.

नाकाआड लपवायला कोन मोजत बसू नका. नथीचे दोन थर करा, नाकपुडीत जाणारी तार वेगळी आणि मोती वेगळे. आधी मागचा थर (तार), त्यावर मूळ फोटोतून कापलेलं नाक, मग पुढचा थर (मोती). मान डावीकडे असेल तेव्हा दोन्ही थर नाकाच्या थरामागे घाला, मोठी नथ पलीकडून डोकावते तशीच डोकावेल.

लष्करवाला, ग्वाल्हेर

तात्या, मनापासून आभार. झेडकडे मी पाहिलंच नव्हतं. एक राहिलं : नथ लहान केली की मोत्यांभोवती काळी कड येते.

तात्या, इंदूर

लहान करण्याआधी रंग अल्फाने (पीएनजीतल्या प्रत्येक ठिपक्याच्या अपारदर्शकतेच्या आकड्याने) गुणून घ्या. चढवताना मग नथीचे रंग पुन्हा गुणू नका.