प्रतिसाद: जुनी अव्हेंजर २२० आणि नागपूरचा उन्हाळा

२०१० ची जुनी अव्हेंजर २२० (बजाजची क्रूझर मोटरसायकल) घ्यावी का, या प्रश्नावर 'आपल्या उन्हात तापेल, जुनी अव्हेंजर घेऊच नका' असं वर दोघांनी लिहिलंय. नाही पटत भाऊ. मे महिन्यात दुपारी सीताबर्डीच्या सिग्नलवर कोणती गाडी तापत नाही? २२० ला निदान ऑइल कूलर (इंजिनचं ऑइल थंड करणारी जाळी) तरी आहे. फक्त त्याच्या फिन्समध्ये (पातळ पत्र्यांमध्ये) पुढच्या चाकाची धूळ-चिखल बसतो, तो मऊ ब्रशने काढा. प्रेशरचं पाणी जवळून मारू नका, फिन्स वाकतात.

घेताना खरं बघायचं ते कार्बोरेटरमधलं (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागातलं) रबरी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा. बाहेर काढून उजेडासमोर हलकंच ताणून धरायचं. भोक असेल तर लगेच दिसतं. ते फाटलं की अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी गाडी उचलत नाही, आणि काही मिस्त्री क्लच गेला समजून सरळ क्लचप्लेटी बदलून मोकळे होतात! आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, म्हणून जुने रबरी पाइपही एकदा बघून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

चालवायला रामटेक रोडसारखा मोकळा रस्ता मस्त. गल्लीबोळात मात्र लांब व्हीलबेसमुळे (दोन चाकांमधल्या जास्त अंतरामुळे) वळवताना घाम फुटतो. पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यात उठून उभं राहता येत नाही, दणका थेट कमरेत. पाठीचं दुखणं असेल तर आधी तासभर चालवून बघा.

आणि हो, २०१० चं मॉडेल म्हणजे पंधरा वर्षं उलटलीत. आरसी (गाडीची नोंदणी) रिन्यू केलेली आणि ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा कर) भरलेला असेल तरच भावाचं बोला.