खो-खो कोच आहे, बाळ पाच महिन्यांचं, बायकोची ड्युटी परत सुरू होतेय, पुण्याची ऑफर घ्यावी का?

मध्यपाटी
नमस्कार मंडळी. इथं कुणी कोचिंग करणारे किंवा कोचच्या घरातले असतील तर जरा सांगा. मी धाराशिव जिल्ह्यातला, वय 29, नॅशनल खेळलोय, बीपीएड झालंय. एका शाळेवर अंशकालीन निदेशक आहे, मानधन किती ते विचारू नका आणि कधी येतं ते तर अजिबात विचारू नका. सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी 5 ते साडेसात शाळेच्याच ग्राउंडवर मुलींची टीम घेतो. फी घेत नाही, घेणार कुणाकडून, बऱ्याच पोरींचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि पोरी आजीजवळ राहतात.

बायको सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. तिची 180 दिवसांची रजा संपत आलीय. आता तिला शिफ्ट लागणार, आणि इव्हिनिंग म्हणजे दुपारी 2 ते रात्री 8, बरोबर माझ्या सरावाची वेळ. आई घरी आहे पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, ती बाळाला उचलून फिरवू शकत नाही. वडील शेतात, सोयाबीन निघालं की हरभरा, त्यांचं चालूच असतं.

अशात पुण्यातल्या एका खासगी शाळेतून फोन आला. मॅट आहे, 35 हजार देतो म्हणतात, राहायला खोली. जानेवारी 2025 ला दिल्लीत वर्ल्डकप झाला, आपल्या पोरांची आणि पोरींची दोन्ही टीम नेपाळला हरवून जिंकल्या, तेव्हापासून मोठ्या शाळांना एकदम खो-खो आठवलाय. आम्ही इथं मातीवर नऊ मिनिटांचा डाव शिकवत बसलोय आणि तिकडं अल्टिमेट खो-खो लीगमध्ये सात मिनिटांची पाळी, पॉवरप्ले, दोन्हीकडं पळणारा वजीर. मला ते शिकायचंय, खोटं कशाला बोलू. पण यंदाची अंडर-17 ची टीम विभागापर्यंत जाईल अशी आहे. बायको म्हणते तू जा, मी बदली मागते. काय करावं?

जुना शिट्टीवाला
भाऊ, मी कबड्डीतला, तुझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा असेन. 35 हजार ऐकून हुरळू नको, आधी तीन गोष्टी विचार. करार 10 महिन्यांचा की 12, कारण मे महिन्यात पगार बंद आणि खोलीपण रिकामी करा असं चालतं बऱ्याच ठिकाणी. दुसरं, तू फक्त खो-खो घेणार की सकाळची असेंब्ली, पीटीचे तास, बसड्युटी, स्पोर्ट्स डे चा डान्स सगळं तुझ्याच गळ्यात? आणि ती खोली एकट्याची का फॅमिलीची, हॉस्टेलमधली एक खोली देऊन रात्री पोरं सांभाळायला लावली तर बायको-लेकरू तिथं नेता येणार नाही आणि मग तो पगार दोन घरं चालवण्यातच जातो.

एनआयएसचा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा डिप्लोमा डोक्यात असेल तर तो लेकरू लहान असताना नको, जवळजवळ वर्ष जातं. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सपण असतो, तो खो-खोला निघालाय का ते साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) साइटवर बघत राहा. शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, एमपीएससीची क्रीडा अधिकारी भरती, याकडं पण लक्ष ठेव, खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, सर्टिफिकेटची पडताळणी करून ठेवली नसशील तर ती आजच टाक, ऐनवेळी तिथंच माणूस अडकतो. तुमच्या जिल्ह्यातली खो-खोची सारिका काळे बघ, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कॅप्टन, 2020 ला अर्जुन पुरस्कार, आणि क्रीडा अधिकारी म्हणून तुळजापूरलाच काम केलं की. मोठं व्हायला पुणंच लागतं असं काही नाही.

सोलापूरची सून
माझे मिस्टर अ‍ॅथलेटिक्सचे कोच आहेत, म्हणून लिहितेय. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये वहिनींना एक ओळ आलीय, तू जा मी बदली मागते. हे वाक्य बाई खरंच पटलं म्हणून पण म्हणते आणि रोज तेच तेच बोलून दमली म्हणून पण म्हणते, तुमच्याकडं कुठलं आहे ते तुम्हीच बघा. नर्सची बदली अर्ज टाकला आणि झाली असं नसतं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहितीये.

मला विचाराल तर पुण्याचं बाजूला ठेवा, आधी इव्हिनिंग ड्युटीचं बघा, कारण ती या महिन्यातच येणार. इन्चार्ज सिस्टरशी बोलून काही महिने मॉर्निंग आणि नाईटच मिळतात का बघायला सांगा, दुसऱ्या कुणाला तरी नाईट नकोच असते, अदलाबदल होते. नाईटला बाळ तुमच्याजवळ, मग सकाळचा 6 चा सराव तुम्हाला जमणार नाही, ते आधीच मान्य करा, नाईट करून आलेल्या बाईला 8 ला घरी आल्या आल्या बाळ हातात द्यायचं आणि आपण शाळेत जायचं असं करू नका. शिवाय राज्य सरकारी नोकरीत बालसंगोपन रजा आहे, सगळ्या नोकरीत मिळून 180 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत तुकड्यातुकड्यानं घेता येते. मंजूर करणं साहेबांच्या हातात, पण सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी थोडी टाकता येईल.

आमच्याकडं लग्नानंतरची पहिली दिवाळी शिबिरात गेली, दुसरी पण. माझी तक्रार शिबिराची नव्हतीच. तारीख मला टीममधल्या पोरीच्या आईकडून कळायची, घरात सगळ्यात शेवटी, त्याचा राग यायचा.

पोल डाइव्ह
मी खेळलेली आहे त्यामुळं दुसरी बाजू सांगते. आम्ही नववीत असताना आमचे सर शहरात गेले. खेळ कुणाला नकोसा झाला नव्हता पण दिवाळीपर्यंत ग्राउंडवर चारच पोरी राहिल्या. कारण सर सराव झाला की आम्हाला स्टँडवर एसटीत बसवून मग घरी जायचे, आमच्या घरच्यांनी खो-खोला परवानगी दिलीच नव्हती, त्या माणसाला दिली होती. नवीन सर चांगले होते, पण डिसेंबरात सहालाच अंधार, आजी म्हणाली बास.

म्हणून दादा जायचं असेल तर जा, मनात धरून बसू नका, पण आधी दुसरं माणूस उभं करा. शाळेतल्या एखाद्या मॅडम नुसत्या हजर राहिल्या तरी पालकांना चालतं. बारावी झालेल्या जुन्या मुली असतील तर वॉर्मअप, पोलवरचं वळण, खो देण्याची ड्रिल त्या आरामात घेतात, तुम्ही आठवड्यातून तीन संध्याकाळ आलात तरी भागतं. थंडीत संध्याकाळचा सराव तसाही 6 ला संपवा.

अजून एक, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. पोरी तुमच्या घरी जेवत किंवा राहत असतील तर वहिनींच्या नाईट ड्युटीला ते बंद. तुमच्यावर शंका नाही, पण गावात बोलायला वेळ लागत नाही आणि त्यात पहिला खेळ पोरीचा बंद होतो. मुक्कामी जायचं तेव्हा पालकांची लेखी संमती आणि सोबत एक बाई.

मध्यपाटी
सगळ्यांचे आभार. पोल डाइव्ह ताई, दोघी-तिघी सरावानंतर आमच्याकडं जेवतात हे मी लिहिलंच नव्हतं, तुम्हाला बरोबर कळलं. राहत नाहीत कुणी. स्वयंपाक बायको करते, तिला त्यांची सवय झालीय आणि बाळाला तर जास्तच. तरी नाईटचं तुमचं म्हणणं पटलं, डबा देऊन लवकर पाठवू.

शिट्टीवाले काका, फोन करून विचारलं. करार 10 महिन्यांचाच निघाला, खोली हॉस्टेलची, फॅमिली चालणार नाही, आणि पीटीचे तास आहेतच. मी म्हणालो स्पर्धा संपल्यावर जूनपासून येतो आणि फॅमिलीची सोय बघा, तर कळवतो म्हणाले. नाही कळवलं तर नाही. मॅटचं शिकायला मे महिन्यात तिथंच पंधरा दिवस येऊन बघू का असं पण विचारलंय, त्याला मात्र लगेच हो म्हणाले, फुकट माणूस कुणाला नको असतो.

सोलापूरच्या ताई, तुमची पोस्ट बायकोला वाचायला दिली. ती म्हणाली दमले म्हणूनच म्हणत होते. मग रात्री बराच वेळ बोललो, ते इथं लिहीत नाही. इन्चार्ज सिस्टर दोन महिने इव्हिनिंग लावणार नाहीत. सकाळचा सराव मी नाईटच्या आठवड्यात जुन्या दोन मुलींकडं देतोय आणि एक मॅडम यायला तयार आहेत, त्यांची स्वतःची पोरगीच टीममध्ये आहे.

आता एकच विचारायचंय. बाळाला संध्याकाळी ग्राउंडवर आणलं तर मातीचा त्रास होईल का? आई म्हणते आण, मी कडेला खुर्ची टाकून मांडीवर घेऊन बसते.

सोलापूरची सून
पाणी मारून धूळ बसल्याशिवाय नको. आणि वारा कुठून येतो ते बघून खुर्ची टाका, पळतीच्या बाजूला तर अजिबात नको, कोण कधी बाहेर सूर मारेल सांगता येत नाही.

जुना शिट्टीवाला
शिट्टी वाजवायच्या आधी आईला सांगत जा, माझं थोरलं शिट्टीला दचकून रडायचं. पडताळणीची फाईल टाकलीस का?