अनुभव धागा : हातचं काम आणि आपला विश्वास

धुऱ्यावरची बाई (दारव्हा)

सगळ्यांना जय ख्रिस्त.

बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र, तिसरा अध्याय, सध्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वाचनात आहे. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, हे वचन सगळ्यांना पाठ आहे आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच्या पोराकडे बोट दाखवून म्हटलं जातं. ते लिहिणारा प्रेषित पौल स्वतः कुणाचं फुकट जेवला नाही, कुणावर भार नको म्हणून रात्रंदिवस राबला, हे मात्र आपण त्याच दमात सांगत नाही. त्या मंडळीतले काही जण कामधंदा सोडून लोकांच्या घरात लुडबूड करत फिरत होते. त्यांना तो म्हणतो, मुकाट्याने काम करा आणि स्वतःची भाकर खा.

आपला मुलूख कोरडवाहू. मृगापासून कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) होईपर्यंत पाणी प्यायला सवड नाही, आणि मग उन्हाळाभर हात रिकामे. अशा ठिकाणी विश्वासूपणे काम करणं म्हणजे काय, ते आपापल्या अनुभवातून लिहा. प्रवचन नको, घडलेलं लिहा. चार ओळी असल्या तरी चालेल.

सालदाराचा मुलगा (दिग्रस)

माझे बाबा हयातभर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी, होते. पाडव्याला जुनं साल संपायचं आणि नवं ठरायचं. मालक धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) यायचे, कडेची पाच-सहा तासं (पिकाच्या ओळी) निर्मळ दिसली की निघून जायचे. हे सगळ्या गड्यांना ठाऊक होतं. बाबा मात्र निंदायला वावराच्या मधातून सुरुवात करत. सोबतचे म्हणत, "काहून गा, मधात कोन पायते?" बाबा म्हणत, "ज्याले पायाचं हाय थो पायते."

कलस्सैकरांच्या पत्रात दासांना सांगितलं आहे की तोंडदेखली चाकरी करू नका, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. बाबांना वाचता येत नव्हतं. उपासनेत ऐकलेलं त्यांनी डोक्यात ठेवलं आणि सोमवारी वावरात नेलं.

आता माझं स्वतःचं थोडं वावर आहे आणि मीच मजूर लावतो. त्यामुळे त्या वचनाच्या पुढचा भाग मला जास्त टोचतो. तिथे लगेच धन्यांना सांगितलं आहे की चाकरांशी न्यायाने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. आमच्या घरी ठरलेलं आहे की शनिवारी मजुरी चुकती केल्याशिवाय रविवारी उपासनेला बसायचं नाही. मजुरी अडवून ठेवायची आणि वर मजुरालाच कामचुकार म्हणायचं, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. ख्रिस्ती माणसाने तरी ते करू नये.

वेचणीवाली (घाटंजी)

मुलीकडून लिहून घेते. आमची वेचणी किलोवर असते. पहाटे दवात वेचलं की कापूस वजनाला भरते. कवडी (किडका कापूस), पाला, टरफलं सगळं ओटीत गेलं की आणखी भरते. संध्याकाळी काट्यावर कोण काय निवडत बसते? मी दव उडाल्यावर लागतो, बोंड पुरतं रिकामं करतो, कवडी वेगळी ठेवतो. दिवसाला किलो दोन किलो कमीच होते. भाव मले जास्त भेटला असं नाही, खोटं कायले सांगू. सोबतच्या बायांना राग येते की हिच्या गाठोड्यामुळे आपलं गाठोडं उघडं पडते. त्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्त आहेत, म्हणून मी त्यांना काही म्हणत नाही.

मले बायबलातल्या रूथची गोष्ट आवडते. सासूसाठी ती सकाळपासून बवाज नावाच्या मालकाच्या शेतात सरवा (कापणीनंतर मागे राहिलेली कणसं) वेचत होती. तिच्या हाताला काम होतं, कारण शेताच्या कडेचं गरिबांसाठी सोडावं अशी देवाची आज्ञा होती आणि बवाजाने ती पाळली. आमच्या मालकाकडे वेचणी आटोपली की एक म्हातारी मागचं वेचून नेते. मी मुद्दाम दोन तासं तिच्यासाठी बोलून ठेवतो. मालक नाही म्हणत नाहीत.

पट्टीवाली ताई (परतवाडा)

मी कुष्ठरोग्यांच्या जखमांची मलमपट्टी करते. माझा अनुभव जरा उलटा आहे.

औषधाने रोग बरा होतो, पण नस मेली असेल तर पायाची संवेदना परत येत नाही. काटा रुतला, चटका बसला, कळत नाही. म्हणून रोज पाय डोळ्यांनी पाहायचे, साध्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवायचे, कडक झालेली कातडी हलक्या हाताने घासायची, पाय ओला असतानाच तेल लावायचं. जन्मभर, एकही दिवस न चुकवता. आणि तळव्याला जखम झाली तर तिच्यावर सगळ्यात मोठा इलाज म्हणजे पायावर भार न देणं.

एक काका होते. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली तसे ते अस्वस्थ झाले. "बसून खाल्लेलं अंगी लागत नाही, बाई. गाडगेबाबाच्या मुलखातला माणूस मी." आमच्या अमरावती जिल्ह्यात हे कुणीही म्हणेल. गाव झाडल्याशिवाय बाबा कुणाचा घास घेत नसत, हे लहानपणापासून ऐकलेलं. काकांना मी सांगितलं की आता हा पाय टेकू न देणं हेच तुमचं काम, आणि ते मी रोज तपासणार. त्यांनी ते काम म्हणूनच केलं. वेळेवर पाय भिजवायचे, शेजारच्या खाटेवरच्याला आठवण करून द्यायचे. दिवाळीनंतर जखम भरली.

मी स्वतः वर्षानुवर्षं तेच पाणी, तेच तेल, तीच पट्टी करते. कंटाळा येतो. पौल त्याच अध्यायात पुढे म्हणतो, बरे करताना खचू नका. माझ्या कपाटाच्या दाराला आतून तेच चिकटवलेलं आहे.

चिखलदऱ्याकडचा

वरचं सगळं वाचलं. सगळ्यांचा मान ठेवून सांगतो, आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे. पानठेल्यावर बसलेली पोरं पाहून बाहेरून आलेले पाहुणे मंडळीत आळसावर बोलून जातात. ती पोरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, नाहीतर खाली सपाटीवर कामाला जातात. मध्ये घरी असतात तेव्हा गावात कामच नसते. पौल ज्याला काम करायचं नाही त्याच्याबद्दल बोलतो. ज्याला काम मिळत नाही त्याच्यावर ते वचन फेकणं मला अन्याय वाटतो.

आमच्या तरुण मंडळाने काय केलं ते सांगतो. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, देशाचा तेव्हा २००५ चा होता. त्यात कामाची मागणी लेखी द्यायची, तारीख घातलेली पोच घ्यायची, १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता, असं होतं. हे आम्हालाही नीट माहीत नव्हतं. प्रार्थनेनंतर बसून आम्ही ज्याला ज्याला हवे त्याचे अर्ज भरले. ख्रिस्ती असो नसो, कोरकू असो गवळी असो. पोच द्यायला टाळाटाळ झाली, तेव्हा सगळे मिळून दारात बसलो, भांडलो नाही, उठलोही नाही. शेवटी पोच मिळाली आणि पाझर तलावाचं काम निघालं. मजुरी खात्यात यायला फार उशीर झाला, तेही खरं. पण त्या उन्हाळ्यात काही घरं भट्टीवर गेली नाहीत, लेकरं शाळेत राहिली.

अर्ज भरणं हेही मी प्रभूचंच काम धरतो.

सूनबाई (आर्णी)

सासऱ्यांना अर्धांग झाला. जेवताना रोज म्हणायचे, "कमावत नाही अन् खातो." ताट सरकवून द्यायचे. मी एक दिवस तुरीच्या डाळीने भरलेलं पाखडायचं सूप त्यांच्या पुढ्यात ठेवलं, म्हटलं, मामाजी, एका हाताने खडे निवडता येतात. आता घरची डाळ तेच निवडतात. आणि मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं पाठ ठेवून दुपारी एकेकासाठी प्रार्थना करतात. एखादं नाव राहिलं तर मला विचारतात, तो बरा झाला की गेला? ताट सरकवणं थांबलं.

तंबूवाला (सालेकसा)

मी छोट्या मंडळीचा पाळक (पास्टर) आहे आणि मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, दुकान चालवतो. करिंथात पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करत होता, म्हणून हे नाव घेतलं.

शेतीची वीज पुष्कळदा रात्री, दाब कमी, मोटारी जळतात. तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची तार भरली, किंवा ठरल्यापेक्षा बारीक तार वापरली, वेढे कमी दिले, तर मोटार त्या दिवशी सुरू होते. कास्तकार पैसे देऊन जातो. मग धान पोटरीवर (कणीस बाहेर पडायच्या बेतात) असताना ऐन पाण्याच्या वेळी ती पुन्हा जळते. आत काय भरलं ते त्याला कधीच दिसत नाही. माझं प्रवचन ऐकायला न येणारी माणसंही माझी वायंडिंग वापरून पारखून बसलेली आहेत, आणि माझ्या मते त्यांच्यापुढे माझी साक्ष तीच.

पाळकाने दुकान करू नये, असं मंडळीतले काही वडीलधारे म्हणतात. सुवार्ता सांगणाऱ्याचा सुवार्तेवर निर्वाह व्हावा, हेही पौलच लिहितो, त्यामुळे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण आमची मंडळी रोवणीच्या मजुरीवर जगणाऱ्यांची आहे. त्यांच्या दशांशावर (कमाईच्या दहाव्या हिश्शाच्या दानावर) माझं पूर्ण घर चालवायला माझं मन घेत नाही.

रविवारचा प्रश्न (मूर्तिजापूर)

सोयाबीन सोंगून पडलं आहे, आभाळ भरून आलं आहे आणि रविवार आहे. काय करता? आम्ही यंदा सकाळी सहाला प्रार्थना केली, मग मंडळीच्या सगळ्यांनी मिळून विधवा बहिणीचं आधी झाकलं, मग आपापलं. काहींना हे पटलं नाही. बायबलमधल्या आज्ञेत सहा दिवस श्रम कर असंही आहे आणि सातवा दिवस विसाव्याचा असंही आहे. मला दोन्ही पाळायचे आहेत. आमच्या घरातल्या बायांना रविवारी दुप्पट चूल असते, त्यांचा विसावा कुणी मोजत नाही, हेही या निमित्ताने लक्षात आलं. आता उपासनेनंतरचा चहा पुरुष करतात, भांडीही घासतात.

सालदाराचा मुलगा (दिग्रस)

चिखलदऱ्याच्या भावासाठी. उलंगवाडीनंतर माझ्याकडे बांधबंदिस्तीचं काम निघणार आहे, शेजारच्या दोघांकडेही. सात-आठ जण लागतील. राहायला कोठ्याशेजारची (गोठ्याशेजारची) खोली आहे, पाणी आहे, मजुरी दर शनिवारी हातात. भट्टीवर आगाऊ उचल घेण्याआधी तुमच्या पोरांना विचारा. खाजगीत नंबर पाठवतो.