घोडा आधी हंडीत शिजला की आधी खोगिराखाली आला?

माळरान: माझं मत, घोडा बसायला नाही, खायला पाळला. उत्तर कझाकस्तानातली बोताई वस्ती बघा, इ.स.पू. ३५००च्या आसपासची. तिथली हाडं जवळजवळ सगळी घोड्याचीच. खापरांत मुरलेल्या चरबीत घोडीच्या दुधाची खूण मिळाली, हे २००९ साली छापून आलं. कारणही साधं आहे. गाय बर्फात तोंड खुपसून मिळेल तेवढं खाते, घोडा टापेने बर्फ उकरून गवत काढतो. हिवाळ्यात वैरण न मागणारं मांस कोण सोडेल?

वेसण: हाडांचा ढीग शिकारीनेही होतो हो. २०१८ला जनुकं तपासली तेव्हा कळलं, बोताईचे घोडे आजच्या घोड्यांचे मुख्य पूर्वज नाहीतच. त्यांचा वंश मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की नावाच्या रानघोड्यात. आणि बोताईच्या माणसांच्या दातांवरच्या किटणात दुधाची प्रथिनं सापडली नाहीत. मग कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायलं कोणी?

माळरान: दोघांचे दात तपासले, त्यावरून अख्ख्या वस्तीचं ताट ठरवता? आणि घोड्यांच्या दातांवर लगामाची झीज आहे, तिचं काय?

वेसण: तसली झीज हिमयुगातल्या रानघोड्यांच्या दातांवरही दिसते. त्यांना लगाम कोणी घातला होता?

गोठा: तुम्ही दोघं बोताईतच अडकलात. आजचा घोडा रशियातल्या व्होल्गा-डॉन नद्यांच्या गवताळ मुलखातला. इ.स.पू. २२००नंतर तो असा पसरला की बाकीचे वंश मागे पडले. त्याच्यात निवडून आलेल्या जनुकांपैकी एक पाठीच्या कण्याशी निगडित, दुसरं स्वभावाशी. म्हणजे निवड कामासाठी झाली. इ.स.पू. २०००च्या सुमारास उरल पर्वताच्या दक्षिणेला, सिंताश्ता या ठिकाणी, आरे असलेल्या चाकांचे रथ थडग्यांत पुरलेले आहेतच. मी खोंड औताला धरलेत. चार खोंडांतलं एखादं जू टेकवताच आडवं होतं. ते कितीही धष्टपुष्ट असो, बाजार दाखवावा लागतो. लाथाळ घोडा रथाला कोण जुंपेल?

माळरान: मान्य. पण स्वभाव पारखायला आधी कळप दाराशी हवा ना? तो कशासाठी राखला होता? मटणासाठी, नाहीतर दुधासाठी!

वेसण: दुधाला व्होल्गा-डॉनच्या लोकांकडे गाई-मेंढ्या होत्याच की. घोडीच्या मागच्या पायांशी भांडं घेऊन बसायची हौस कोणाला?