वेचणी, ओलित आणि सेमिस्टर : मन थकले आहे, काय करावे?

प्रश्न – गुलाबी_फ्लास्क

मी अमरावतीत खोली करून राहतो आणि एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या सत्रात शिकतो. गाव दारव्हा तालुक्यात आहे. घरी सहा एकर वावर असून त्यातले दोन एकर विहिरीच्या ओलिताखाली आहे. हिवाळी परीक्षा नेमक्या कापसाच्या वेचणीत आणि हरभऱ्याच्या ओलितात येतात. दर शनिवारी मी गावी जातो. त्या आठवड्यात पंपाची वीज रात्रीची असली, की रात्र धुऱ्यावर टॉर्च घेऊन जाते, रविवारी संध्याकाळची एसटी पकडतो आणि सोमवारी सकाळी आठला प्रात्यक्षिकाला उभा राहतो.

बारावीपासून शरीराला याची सवय आहे, पण यंदा काहीतरी वेगळे होत आहे. एकच पान तीनदा वाचूनही डोक्यात काही शिरत नाही आणि मित्रांच्या साध्या बोलण्याचाही वैताग येतो. मागच्या आठवड्यात टायट्रेशन करताना, म्हणजे फ्लास्कमध्ये थेंबथेंब द्रावण टाकून रंग बदलताच थांबायचे त्या प्रयोगात, अंतिम बिंदू केव्हा निघून गेला ते कळलेच नाही. फ्लास्क गडद गुलाबी झाला आणि मी तो हातात धरून नुसता उभा राहिलो. पूर्वी अशा चुकीचा स्वतःवर राग यायचा, त्या दिवशी काहीच वाटले नाही. बाबा दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप वाहतात. त्यांना ‘वाचून थकलो’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? हा आळस आहे की आजार?

उत्तर – धुऱ्यावरचा_मास्तर

आळशी माणसाला हा प्रश्न पडत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि माझे स्वतःचे शिक्षण असेच वावर आणि वर्ग यांच्या मधल्या एसटीत झाले. पहाटे चारला उठा, वेळापत्रक करा, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो तूर्त बाजूला ठेवा, कारण तुमच्याजवळ आणखी पिळून काढण्याजोगा वेळच उरलेला नाही. खोलीवर असताना वावराची टोचणी आणि वावरात असताना पुस्तकाची टोचणी, अशा स्थितीत माणूस काम सोडून बसला तरी त्याला विसावा मिळत नाही. माझ्या मते तुमच्या थकव्याचे मूळ येथे आहे.

आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहीत असत. शेवटच्या वर्षी मी त्याच कॅलेंडरवर परीक्षेच्या तारखांना लाल गोल केले आणि ‘या दोन शनिवारी मी येणार नाही’ असे वडिलांना समोर बसून सांगितले. आठवडाभर मनाशी घोकलेले ते एक वाक्य होते. त्यावर ते एवढेच म्हणाले, “आंधीच सांगतलं असतं तं दोन बाया जास्त लावल्या असत्या.” वेचणीची मजुरी किलोवर द्यावी लागते, तो खर्च खरा आहे. पण विषय नापास होण्याचा खर्चही वडिलांना समजतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

उत्तर – बाह्यरुग्ण_विभाग

मी शासकीय रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या कामात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हणून आहे. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मन कोरडे पडणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे आहेत. ती व्याख्या नोकरीपुरती असली, तरी तुमच्या फ्लास्कच्या प्रसंगात तिन्ही दिसतात.

मात्र नैराश्य ही वेगळी गोष्ट आहे. उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, झोप आणि भूक बिघडली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर डॉक्टरांना भेटावे. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू असून त्यावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. ‘मेंटल’ असा शिक्का बसेल या भीतीने मुले येत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जीव नकोसा वाटण्याचा विचार एकदाही आला, तर एकटे राहू नका, लगेच फोन करा आणि घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायला सांगा. हे मी प्रत्येकालाच सांगतो, तुम्हाला वेगळे काढून नव्हे.

आणखी एक, रक्त तपासून घ्या. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि हिमोग्लोबिन कमी असलेली मुलेही बरीच येतात. त्यांचा थकवा समुपदेशनाने कसा जाणार? ओलिताच्या जागरणानंतरची झोपही भरून काढायला हवी, कारण वाचलेले मेंदूत पक्के होते ते बरेचसे झोपेतच.

उत्तर – शेवटची_एसटी

सरांचा आदर राखून लिहिते, की कॅलेंडरचा उपाय मुलांना सोपा आहे. मी रोज अप-डाऊन करते. घरी पोहोचले की चूल माझ्याकडे असते, कारण आई स्वतः दुसऱ्यांच्या वावरात वेचायला गेलेली असते. तिच्या जागी मी कोणाला लावू? मी एवढेच केले, की शेवटच्या एसटीपर्यंत ग्रंथालयात बसायचे आणि घरी पुस्तक उघडायचेच नाही. पहिले काही दिवस अपराधी वाटले, नंतर स्वयंपाक करताना निदान डोके तरी मोकळे राहू लागले.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असायला हवा. आमच्याकडे समुपदेशन कक्षाची पाटी होती, आत क्रीडा विभागाचे जुने मॅट रचलेले होते. आम्ही तिघींनी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. आता दर गुरुवारी एक मॅडम येतात. मॅट अजून तिथेच आहेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – गुलाबी_फ्लास्क

सर्वांचे आभार. रक्त तपासले, हिमोग्लोबिन 9.8 निघाले. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या असून त्यांत सिकलसेलचीही आहे. 14416 वर अजून फोन केलेला नाही, पण क्रमांक प्रात्यक्षिकाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिला आहे. बाबांशी समोर बसून बोलण्याचे धैर्य झाले नाही म्हणून फोनवरच बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, की परीक्षेआधीचे दोन शनिवार मोटार चुलतभाऊ सुरू करील, आणि जेवतोस ना नीट, असे विचारले.